काचेची पट्टी

वाईकडच्या एका गावात एक गवंडी होता. नवी घरं बांधणारे गवंडी पुष्कळ असतात. हा जुन्याची डागडुजी करणारा होता. कृष्णाकाठचे जुने वाडे, देवळांचे कट्टे, कलायला लागलेले दिंडीदरवाजे, असली कामं त्याच्याकडं यायची. त्याच्या हातात थापीपेक्षा ओळंबा जास्त वेळ असे. गावात लहानथोर त्याला आप्पा म्हणत.

आप्पाची एक रीत होती. भिंतीला तडा गेलाय म्हणून कुणी बोलावलं, तर पहिल्या दिवशी तो एकाही विटेला हात लावत नसे. खिडकीच्या फुटक्या तावदानातून बोटभर रुंद, वीतभर लांब अशी पट्टी कापून न्यायचा, ती तड्यावर आडवी धरायचा आणि दोन्ही टोकांवर सिमेंटचे गोळे थापायचा. गोळे ओले असतानाच त्यावर खिळ्यानं तारीख कोरायची आणि हात धुवायचे. मालक विचारी, "झालं काम?" आप्पा म्हणे, "सुरू झालं."

काच ताणली जात नाही. भिंत केसभर सरकली तरी ती मधोमध तडकते. एक पावसाळा आणि एक उन्हाळा काच शाबूत राहिली, तर तडा जुना आहे, भिंत बसली आहे असं समजायचं. चुना भरायचा, विषय संपला. तडकली, तर भिंत अजून चालते आहे. मग पाया उकरायचा, पाणी कुठून मुरतंय ते शोधायचं, तुळई कुजली असेल तर काढायची. तेव्हा मात्र आप्पा एक दिवसही दम काढत नसे. मालकांना ही रीत पसंत नव्हती. पैसे देऊन माणूस बोलवायचा, आणि त्यानं भिंतीला काच चिकटवून निघून जायचं, हे कुणाला आवडेल?

एका वाड्यात मागच्या भिंतीत पिंपळ उगवला होता. खोड अंगठ्याएवढं. आप्पानं बघून सांगितलं, "वरचं छाटतो, आतल्याला आत्ता हात लावू नका. मुळ्या कुठवर गेल्यात ते मला ठाऊक न्हाई, तुमाला बी न्हाई." मालकाच्या घरी लग्न होतं, त्याला घाई होती. त्यानं चार गडी लावून खोडाला दोर बांधला आणि ओढला. पिंपळाच्या मुळ्या विटांच्या सांध्यात शिरल्या होत्या, चुना खाऊन त्याच्या जागी बसल्या होत्या. म्हणजे तोवर भिंत त्या मुळ्यांवरच उभी होती म्हणा ना. पिंपळ निघाला आणि त्याच्याबरोबर दोन खण भिंत आली. लग्न शाळेपुढच्या मांडवात झालं. पिंपळ मात्र मेला नाही. पुढच्या आषाढात ढिगाऱ्यातून त्याला पुन्हा तांबूस पालवी फुटली.

या आप्पाला एक मुलगी होती. तिला सगळे चिमी म्हणत.

चिमी जन्मली तेव्हाच तिच्या पाठीवर, पोटावर डाग होते. जास्त दूध घातलेल्या चहाचा रंग, कडा स्वच्छ, हाताला काही लागत नाही. आधी तीन होते, वर्षभरात नऊ झाले. गावात त्याला लासं म्हणतात, आणि लासं म्हटलं की पुढं ग्रहण येतंच. आप्पाच्या आईनं सुनेला विचारलं, "गिरणात काय चिरलंस?" सुनेला आठवत होतं की नव्हतं कोण जाणे, पण चार वर्षं ती ते ऐकत राहिली.

चिमी चार वर्षांची असताना मानेच्या डाव्या बाजूला, हासळीच्या हाडावर, सूज दिसू लागली. दाबली तर मऊ, आत दोऱ्यांचा गुंता असल्यासारखी. दुखत नव्हती. एका बाईनं बिब्बा घालायला सांगितला, एकानं डाग द्यायला. सुदैवानं आप्पाच्या मेहुण्यानं दोन्ही थांबवलं आणि त्यांना शहरातल्या एका दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी गाठ चाचपली, फोटो काढायला लावला आणि म्हणाले, "गाठ म्हणजे गाठ. महिनाअखेरची तारीख देतो, काढून टाकू." आप्पाला हे फार बरं वाटलं. भिंतीच्या बाबतीत जो माणूस वर्षभर थांबायचा, तो पोरीच्या बाबतीत महिनाभरही थांबायला तयार नव्हता. त्यात नवल नाही, ती पोर होती. बायकोचं डोरलं सोनाराकडं गेलं. फक्त मेहुणा म्हणाला, "दाजी, एवढं मोठं करताय, तर पुण्याला एकदा दाखवून तरी या."

पुण्यातल्या मोठ्या इस्पितळात लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एक बाई होत्या. वय झालेल्या, बोलायला तुटक. चिमीच्या मानेला हात लावण्याआधी त्यांनी तळवे एकमेकांवर घासून गरम केले. मग गाठ सोडून भलतीकडंच बघू लागल्या. सगळे डाग पट्टीनं मोजले. काखेत डोकावल्या, तिथं तिळासारखे बारीक ठिपके होते, घरच्यांनी ते कधी पाहिलेही नव्हते. पाठ वाकवायला लावून मणके बघितले, रक्तदाब घेतला, डोळ्यांच्या डॉक्टरकडं पाठवलं. एमआरआय झाला. आणि मग म्हणाल्या, "मी ही गाठ आत्ता काढणार नाही."

आजाराचं नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं: न्यूरोफायब्रोमॅटोसिस, प्रकार एक. बोलताना एनएफ वन. पाच मिलिमीटरपेक्षा मोठे असे सहा किंवा जास्त डाग लहान मुलाच्या अंगावर असले आणि जोडीला काखेतले ठिपके किंवा अशी गाठ असली, की हे निदान होतं. 1882 साली फॉन रेक्लिंगहाउझेन नावाच्या जर्मन डॉक्टरानं त्यावर सविस्तर लिहिलं, म्हणून जुन्या पुस्तकांत त्याच्या नावानं हा आजार ओळखतात. गुणसूत्र क्रमांक 17 वरचा जो जनुक बिघडल्यानं हे होतं, तो सापडायला 1990 साल उजाडलं. साधारण तीन हजारांत एकाला हा आजार असतो. मांढरदेवीच्या यात्रेला लाख माणसं जमली, तर त्यांत तीस-पस्तीस जणांना असेल. म्हणजे दुर्मीळ म्हणावा असा, पण तालुक्यात एकटी आपलीच पोर, असंही नाही.

आप्पाच्या बायकोनं एवढ्या सगळ्यातून एकच प्रश्न विचारला. "बाई, गिरणामुळं का?"

बाईंनी नवरा-बायको दोघांचे हात, पाठ तपासली, डोळे तपासून घेतले. काही नव्हतं. त्या म्हणाल्या, "यातल्या निम्म्या मुलांच्या घरात आधी कुणालाच हे नसतं. बदल त्या मुलापासूनच सुरू होतो. जीव धरतानाच तो होऊन गेलेला असतो. तुमच्या विळीचा त्याच्याशी काही संबंध नाही." मग आजीकडं वळून तेच वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं. आजी काही बोलली नाही. पण त्या वर्षीच्या पुढच्या ग्रहणाला तिनंच सुनेपुढं विळी सरकवली आणि म्हणाली, "मेथी निवडून ठेवलीय, चिरून घे."

आप्पाचं मन मात्र गाठीपाशीच अडकलं होतं. "पर का न्हाई काढणार? आमी पैशाची सोय केलीया."

बाईंनी केसपेपर उलटा करून त्यावर दोन चित्रं काढली. पहिल्यात एक दोरी आणि दोरीच्या कडेला शेंगेतल्या दाण्यासारखी गोल गाठ. "अशी असती तर मी दाणा सोलून काढला असता. काही गाठी अशा असतात, त्या नसेच्या एका अंगाला बसतात. त्यांचा त्रास होतो तेव्हा मी थांबा म्हणत नाही." दुसऱ्या चित्रात दोरीचे पीळ सुटे करून दाखवले आणि प्रत्येक पिळाच्या आत, बाहेर, मधे पेन्सिलीनं काळं भरत गेल्या. "हिची अशी आहे. याला प्लेक्सिफॉर्म म्हणतात. इथून हाताकडं जाणाऱ्या नसांचं जाळं आहे आणि गाठ त्या जाळ्यातच विणलेली आहे. गाठ काढायची तर नस जाते. नस गेली तर हात लोंबकळतो. शिवाय या गाठीत रक्तवाहिन्या फार आणि नाजूक, एकदा रक्त सुटलं की आवरत नाही."

आप्पा चित्राकडं बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "पिंपळ हाय हा."

बाईंना ते कळलं नाही. त्या पुढं सांगत होत्या. ही गाठ कॅन्सरची नव्हे. ती उडी मारून फुप्फुसात किंवा यकृतात जात नाही. मूल लहान, जागा मानेची आणि गाठ पुरती निघत नसेल, तर उरलेल्यातून पुन्हा वाढण्याची शक्यता जास्त. वाढीचा जोर लहान वयात असतो, मोठेपणी बहुधा मंदावतो. "म्हणून दर सहा महिन्यांनी यायचं. मी मोजणार, तुम्ही घरी बघणार."

"म्हंजे आता काईच करायचं न्हाई," आप्पा म्हणाला आणि उठला.

परतीच्या एसटीत तो खंबाटकी घाट उतरेपर्यंत धुमसत होता. गरिबाचं पोर बघून टाळलं, तारखा द्यायला काय जातंय, पहिला डॉक्टर बरा होता, निदान काहीतरी करत तरी होता. बायको खिडकीकडं तोंड करून बसली होती. सुरूर फाट्याला गाडी वाईकडं वळली तेव्हा ती म्हणाली, "अवं, लोकाच्या भितीला तुमी वरीसभर काच लावून ठिवता. त्यांस्नी काय वाटत आसंल?"

आप्पानं उत्तर दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी जाऊन त्यानं डोरलं सोडवून आणलं, आणि बाजारातून दोनशे पानी वही.

वहीच्या पहिल्या पानावर तारीख पडली आणि तिथून पुढं आप्पानं जे केलं, ते गाठ काढून टाकण्यापेक्षा सोपं होतं असं मला वाटत नाही. शस्त्रक्रिया एका दिवसात होते. तिच्यात बापाला बाहेर बाकावर बसायचं असतं. इथं वर्षानुवर्षं बघायचं होतं, आणि बघताना घाबरायचंही नव्हतं.

गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला चिमीला त्याच एका खिडकीपाशी उभं करायचं, मापाची पट्टी मानेशी धरायची, मेहुण्याच्या मोबाइलवर फोटो काढायचा. महिन्यातून एकदा चार गोष्टी बघायच्या. डाव्या हातानं शर्टाची बटणं लावते का. पाण्याचा तांब्या डाव्या हातात समोर धरून वीस आकडे मोजेपर्यंत हात खाली येतो का. झोपेत घोरते का. कुठं दुखतं का. या चार गोष्टींच्या पुढं आप्पा बरोबर किंवा चूक अशा खुणा करायचा, अगदी मजुरांच्या हजेरीसारख्या. वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी, कारण या मुलांत शंभरातल्या पंधराएक जणांना डोळ्यांच्या नसेवरही गाठ येते. त्यातल्याही पुष्कळ नुसत्या नजरेखाली ठेवाव्या लागतात, दृष्टी कमी होऊ लागली तरच उपचार. चिमीला ती नव्हती.

दुसऱ्या खेपेला आप्पानं बाईंना काचेची गोष्ट सांगितली. तारीख कोरण्यापासून सगळी. बाई पहिल्यांदाच हसल्या, आणि त्यानंतर इतर आईबापांना समजावताना त्या ती वापरू लागल्या. "वाईचे एक गवंडी आहेत," अशी सुरुवात करायच्या.

पण त्याच काचेवरून त्यांनी आप्पाच्या बायकोला एकदा फटकारलंही. ती रोज रात्री चिमी झोपली की तिची मान चाचपायची. वाढली का, काल एवढी होती का. चिमी झोपेचं सोंग करून पडून राहायची आणि दिवसा शर्टाचं वरचं बटण लावून फिरायची, भर वैशाखात. बाईंच्या ते बटण लक्षात आलं. "काच लावल्यावर तुमचे मालक रोज हातोडीनं ठोकून बघतात का?" त्यांनी विचारलं. "ठरल्या दिवशी बघा. बाकीचे दिवस तिला पोर म्हणून राहू द्या." मायलेकी दोघी खाली मान घालून बसल्या. घरी गेल्यावर ते बटण सुटायला तरी सहा महिने लागले.

शाळेत चिमीला पाढे लवकर येत नव्हते. नऊचा पाढा तर तिनं दोन वर्षं घेतला. गुरुजी म्हणत पोर मठ्ठ आहे. बाईंनी चिठ्ठी लिहून दिली, की या आजारातल्या निम्म्याएक मुलांना अभ्यासात अडचण येते, त्यांना वेळ जास्त द्यावा आणि पुढच्या बाकावर बसवावं. मानेवरची गाठ सगळ्यांना दिसते, आणि मुलीचं बरंचसं दुखणं फळ्यासमोर असतं ते कुणाला दिसत नाही. ही चिठ्ठी म्हणजे त्या सगळ्या वर्षांतलं सगळ्यात स्वस्त औषध होतं.

एकदा इस्पितळाच्या बोळात, बाहेरच्या बाकावर, आप्पाला एक शेतकरी भेटला. सोबत पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. मुलाच्या मांडीत तसलीच गाठ. बोलता बोलता कळलं, की दोन वर्षं ते इकडं फिरकलेच नव्हते. "डॉक्टरच म्हणाले होते, काही करू नका," शेतकरी म्हणाला. "मग कशाला यायचं?" आता गेले दोन महिने पोराला रात्री दुखून जाग येत होती. आप्पानं विचारून मांडीला हात लावला. चिमीची गाठ मऊ होती. ही खडीसारखी लागली.

डॉक्टरांनी कापू नका असं म्हटलं होतं. यांनी करू नका असं ऐकलं होतं. शब्दात केवढासा फरक, आणि त्यात दोन वर्षं गेली. या आजाराच्या माणसाला आयुष्यभरात अशी एखादी गाठ बिघडून खऱ्या कॅन्सरची होण्याचा धोका साधारण दहांत एकाला असतो. लहान पोरांत कमी, मिसरूड फुटल्यावर आणि पुढं जास्त. बिघडलेली गाठ लवकर हाती लागली, तर ती पुरती काढणं हाच खरा इलाज. म्हणजे इथं पुन्हा शस्त्रक्रियाच, आणि तीही तातडीनं. त्या मुलाला आत बोलावलं. पुढं त्याचं काय झालं ते आप्पाला कळलं नाही. त्या दिवशी वाईला येईपर्यंत त्यानं वही मांडीवरून खाली ठेवली नाही.

चिमी नऊ वर्षांची असताना काच तडकली.

कार्तिक महिना होता. वहीत घोरण्याच्या रकान्यात पहिल्यांदा खूण आली. आठ दिवसांनी पुन्हा. मग बायकोनं सांगितलं, की पोर आताशा दोन उशा घेऊन, जवळजवळ बसूनच झोपते. आडवी केली की धडपडून उठते. पुढची तारीख माघातली होती. आप्पानं तारखेची वाट बघितली नाही. वाड्याचं काम अर्धवट टाकून दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरली.

एमआरआयमध्ये दिसलं, की हाताच्या नसांमधली गाठ होती तेवढीच आहे, पण जबड्याखालचा एक भाग आतल्या बाजूनं वाढून श्वासनळीला रेटतो आहे. चार डॉक्टर एका पडद्यासमोर बसले. मुलांचे, कानघशाचे, मेंदू-नसांचे आणि बाई. आता या गाठींवर गोळीही निघाली आहे, सेल्युमेटिनिब. अमेरिकेत तिला एप्रिल 2020 मध्ये मान्यता मिळाली, दोन वर्षांवरच्या मुलांसाठी, जिथं गाठ त्रास देते आणि कापता येत नाही. ज्या 50 मुलांवर ती पारखली, त्यांतल्या सुमारे दोनतृतीयांश मुलांत गाठ निदान पाचव्या हिश्शानं आटली. पण ती आटायला महिने लागतात, औषध फार महाग, आणि घेताना हृदय, डोळे, कातडी, नखं सगळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं. श्वासनळी दाबली गेलेल्या मुलीला महिने नव्हते. गोळी राखीव ठेवायची आणि दाबणारा भाग आधी काढायचा असं ठरलं.

सहीचा कागद पुढं आला. त्यावर रक्त, आवाज, ओठाची नस, सगळे धोके लिहिले होते. आप्पानं पेन उचललं आणि थांबला. "बाई, एक इचारू? पाच वर्सांमागं काढली आसती, तर आज ही येळ आली नसती न्हवं?"

हा प्रश्न विचारायला माणसाला धीर लागतो, आणि उत्तर द्यायलाही. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पाच वर्षांपूर्वी हा भाग चिंचोक्याएवढाही नव्हता. कुठला तुकडा पुढं त्रास देणार हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, तुम्हालाही नव्हतं. सगळी काढायला गेले असते, तर हात गेला असता. आणि हा भाग तरीही आला असता, असं मला वाटतं. पण छातीवर हात ठेवून नाही सांगता येणार. आत्ता मला एवढं माहीत आहे, की काय काढायचं आणि काय सोडायचं. ते तुमच्या वहीमुळं वेळेत कळलं."

आप्पानं सही केली.

सकाळी चिमीला आत नेलं, दुपार कलल्यावर बाहेर आणलं. बाईंनी जबड्याखालचा भाग काढला होता, नसांच्या जाळ्यातला तसाच सोडला होता. त्या रात्री अतिदक्षता विभागाच्या काचेतून आप्पानं पाहिलं, पोर एका उशीवर सरळ झोपली होती. तपासणीत तुकडा साधाच निघाला, कॅन्सर नव्हता. खालचा ओठ डावीकडं काही काळ लुळा राहिला. हसली की तोंड वाकडं व्हायचं, पाणी गळायचं. चार महिन्यांत ते भरून आलं. डाव्या हातानं बटणं तशीच लागत होती. आजी म्हणायची, वाकडं हसू जास्त गोड होतं.

आप्पानं वहीत त्या पानाखाली आडवी रेघ मारली आणि पुढच्या पानावर पुन्हा पहिल्यापासून रकाने आखले. उरलेली गाठ आत होतीच.

आज चिमी बारा वर्षांची आहे. पाढे तिला तेरापर्यंत येतात. खिडकीपाशी उभं राहायचा तिला आता कंटाळा येतो, फोटो ती स्वतःच काढते आणि वहीतल्या खुणाही तीच करते. परवा आप्पा एका वाड्याच्या जिन्याजवळ काच लावत होता, तेव्हा ओल्या गोळ्यावर तारीख तिनं कोरली, डाव्या हातानं.

वहीच्या पुठ्ठ्याच्या आत बाईंनी स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहून दिल्या आहेत. आप्पा त्या भेटेल त्या आईबापाला उतरवून देतो, म्हणून मीही इथं देतो. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. गाठीची झपाट्यानं वाढ. मऊ गाठ कडक होणं. हातापायातली ताकद, श्वास किंवा नजर कमी होणं. त्याखाली रेघ मारून लिहिलं आहे: यातलं एक जरी दिसलं, तरी तारखेची वाट न बघता यावे.

चिमीची पुढची तारीख मार्गशीर्षात आहे.